व्हर्जिल एक्सनर

व्हर्जिल मॅक्स एक्सनर (२४ सप्टेंबर, १९०९ – २२ डिसेंबर, १९७३) हे अमेरिकन मोटार-रचनाकार होते. पॉन्टिॲक, स्टुडबेकर आणि मुख्यत्वे क्रायस्लर या कंपन्यांच्या गाड्यांना त्यांनी रूप दिले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मोटारींच्या शेपटाला जे उंच पंख फुटले, त्यांच्याशी एक्सनर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. उत्तर आयुष्यात त्यांनी बंद पडलेल्या जुन्या अमेरिकन गाड्यांना नव्या काळाच्या रूपात पुन्हा उभे करण्याचा ध्यास घेतला. त्यातून १९७० मध्ये स्टट्झ ब्लॅकहॉक ही कूपे, म्हणजे दोन दारांची व मागे उतरत्या छपराची गाडी साकारली. एक्सनर यांच्या कल्पनेतून आलेल्या पुनरुज्जीवित गाड्यांपैकी नियमित उत्पादनापर्यंत पोहोचलेली ही एकमेव होय.

बालपण व शिक्षण

एक्सनर यांचा जन्म अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर येथे झाला. जॉर्ज व आयव्हा एक्सनर या दांपत्याने त्यांना तान्हेपणीच दत्तक घेतले. त्यांचे बालपण त्याच राज्यातील ब्युकॅनन या छोट्या गावी गेले. चित्रकलेची व मोटारींची ओढ त्यांना लहानपणापासून होती. ती ज्या काळात रुजली तो काळही ध्यानात घेण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात ड्युसेनबर्ग, स्टट्झ, पॅकार्ड, मर्सर या अमेरिकन गाड्यांचा मोठा दबदबा होता. लांबलचक बोनेट, सुटे उभे दिवे, चाकांवर स्वतंत्र मडगार्ड आणि बाहेर दिसणारी स्टेपनी असे त्यांचे रूप असे. एक्सनर यांनी पुढे चाळीस वर्षे जे काढले, त्यात ही आकृती वारंवार डोकावते.

इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथील नॉटर डेम विद्यापीठात त्यांनी कलेचे शिक्षण सुरू केले. पैशांच्या अडचणीमुळे दोन वर्षांतच, १९२८ मध्ये, त्यांना ते सोडावे लागले. त्यानंतर ते साऊथ बेंडमधील जाहिरातींची चित्रे करणाऱ्या एका स्टुडिओत मदतनीस म्हणून लागले. स्टुडबेकर कंपनीच्या ट्रकच्या जाहिराती तेथे तयार होत, आणि गाड्यांची चित्रे काढण्याचे काम एक्सनर यांच्याकडे आले. याच स्टुडिओत काम करणाऱ्या मेरी रूथ एशलमन यांच्याशी १९३१ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९३३ मध्ये त्यांना मुलगा झाला. व्हर्जिल एक्सनर ज्युनिअर या नावाने तोही पुढे मोटार-रचनाकार झाला आणि वडिलांच्या अखेरच्या पर्वातील कामात त्यांचा जोडीदार राहिला. १९४० मध्ये जन्मलेला दुसरा मुलगा बालपणीच अपघातात दगावला.

जनरल मोटर्स

जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल हे त्या काळी या क्षेत्रातील सर्वांत वजनदार व्यक्ती होते. गाडीचे बाह्यरूप हे अभियंत्यांचे फावल्या वेळचे काम नसून स्वतंत्र व्यवसाय आहे, ही समजूत अमेरिकेत रुजवण्याचे मोठे श्रेय अर्ल यांना जाते. त्यांनी एक्सनर यांना आपल्या विभागात घेतले. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच एक्सनर पॉन्टिॲक गाड्यांच्या रचनेचे प्रमुख झाले.

लोवी यांच्याशी संबंध आणि स्टुडबेकर

१९३८ मध्ये एक्सनर यांनी जनरल मोटर्स सोडून रेमंड लोवी यांच्या औद्योगिक रचना संस्थेत प्रवेश केला. लोवी हे तोवर रेल्वे इंजिनांपासून घरगुती वस्तूंपर्यंत अनेक गोष्टींच्या रचनेसाठी नावाजले गेले होते. स्टुडबेकरच्या गाड्यांचे काम त्यांच्या संस्थेकडे कराराने होते, आणि एक्सनर यांना साऊथ बेंडला पाठवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी वाहनांचेही काम झाले.

युद्धानंतर बाजारात येणाऱ्या पहिल्या गाडीची तयारी युद्ध चालू असतानाच सुरू झाली आणि तिच्यापायी दोघांचे संबंध तुटले. स्टुडबेकरचे अभियांत्रिकी प्रमुख रॉय कोल यांचे लोवी यांच्याशी पटत नसे. त्यांच्या पाठिंब्याने एक्सनर यांनी घरी बसून लोवी यांच्या नकळत स्वतंत्र आराखडा तयार केला. लोवी यांच्या चमूला मुद्दाम चुकीची मापे पुरवली गेली, असेही नोंदवले गेले आहे. व्यावसायिक नीतीच्या दृष्टीने या प्रकरणात एक्सनर यांची बाजू फारशी उजळ दिसत नाही. मात्र नामवंत संस्थेत काम करणाऱ्या रचनाकाराचे नाव लोकांपर्यंत पोहोचत नसे आणि सर्व श्रेय संस्थेच्या मालकाकडे जात असे, हेही तितकेच खरे आहे. १९४४ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली. लोवी यांनी त्यांना कामावरून काढले आणि स्टुडबेकरने त्यांना लगेच थेट आपल्या नोकरीत घेतले.

१९४७ सालची स्टुडबेकर गाडी एक्सनर यांच्या आराखड्यावर आधारित होती. युद्धोत्तर काळात पूर्णपणे नव्या रूपात बाजारात आलेल्या पहिल्या अमेरिकन गाड्यांत तिची गणना होते. इतर मोठ्या कंपन्या त्या वेळी युद्धापूर्वीचेच साचे किरकोळ फेरफार करून वापरत होत्या. त्यातील स्टारलाइट नावाची कूपे मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार वळलेल्या काचांमुळे विशेष गाजली. ही गाडी जाते आहे की येते आहे, असा विनोदही त्यावरून प्रचलित झाला. कंपनीच्या जाहिरातींत मात्र लोवी यांचेच नाव झळकत राहिले, आणि आजही अनेक पुस्तकांत ही गाडी त्यांच्या नावावर दाखवलेली आढळते. लोवी यांच्या चमूशी चाललेली चुरस असह्य होऊन १९४९ मध्ये एक्सनर यांनी स्टुडबेकर सोडली.

क्रायस्लर

एक्सनर क्रायस्लरमध्ये दाखल झाले तेव्हा या कंपनीत गाडीच्या रूपाला दुय्यम स्थान होते. १९३४ मध्ये क्रायस्लरने वाऱ्याचा विरोध कमी करणारी एअरफ्लो ही गाडी आणली होती. ती काळाच्या पुढे होती, पण ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्या धक्क्यानंतर कंपनीने धाडस करणे सोडून दिले. अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे की, डोक्यावर हॅट घालून माणसाला आरामात बसता आले पाहिजे. त्यामुळे क्रायस्लरच्या गाड्या मजबूत, उंच छपराच्या आणि दिसायला ठोकळ्यासारख्या होत. गाडीच्या आकाराबद्दलचा शेवटचा शब्द अभियंत्यांचा असे. रचनाकारांनी नंतर येऊन क्रोमच्या पट्ट्या चिकटवायच्या, इतकेच त्यांचे काम होते.

मुंबईतील वाचकांना या उंच गाड्यांचा धागा जवळचा वाटेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार डॉज, डी सोटो व प्लिमथ या गाड्यांची जुळणी होत असे.

एक्सनर यांना सुरुवातीला प्रगत रचना विभाग देण्यात आला. क्लिफ व्हॉस व मॉरी बाल्डविन हे त्यांचे तेथील प्रमुख सहकारी होते. नियमित उत्पादनावर या छोट्या विभागाचा अधिकार नव्हता. केवळ प्रदर्शनांसाठी नमुना-गाड्या करणे हे त्यांचे काम. एक्सनर यांनी या मर्यादेचाच लाभ उठवला.

गियाशी सहकार्य

इटलीतील तोरिनो शहरातील गिया ही गाड्यांचे साटे घडवणारी जुनी पेढी. तेथील कारागीर लाकडी साच्यावर पत्रा हाताने ठोकून गाडी घडवत. डेट्रॉइटमध्ये ज्या कामाला अफाट खर्च येई, ते तोरिनोत फार थोड्या खर्चात आणि अधिक सफाईने होत असे. गियाचे लुइजी सेग्रे यांच्याशी एक्सनर यांची गाढ मैत्री जमली, आणि १९५० नंतर क्रायस्लरच्या नमुना-गाड्यांची एक मालिकाच तयार झाली. १९५१ ची के-३१०, १९५२ ची सी-२००, त्यानंतरच्या क्रायस्लर स्पेशल, डॉज फायरॲरो, डी सोटो ॲडव्हेंचरर आणि १९५५ ची फाल्कन या त्यांपैकी काही. १९५३ ची देलेगान्स ही कूपे आणि फोल्क्सवागनची नंतरची कार्मन गिया यांच्यातील साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कार्मन गियाचे जनकत्व नेमके कोणाकडे जाते, हा वाद मात्र मिटलेला नाही.

के-३१० ही या मालिकेतील महत्त्वाची गाडी. तिच्या नावातील के हे अक्षर केलर यांच्या सन्मानार्थ होते. उंच छपराच्या आग्रहाबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाचे नाव एका बसक्या कूपेला देण्यात थोडी मुत्सद्देगिरीही असावी. चाके पूर्ण उघडी, बोनेट लांब, बंदुकीच्या माशीसारखे उभे सुटे मागचे दिवे, आणि डिकीच्या झाकणावर आतल्या स्टेपनीचा उठाव अशी तिची रचना होती. ज्या काळात अमेरिकन गाड्यांची चाके पत्र्याखाली झाकली जात होती, त्या काळात एक्सनर चाक हा गाडीचा मूळ अवयव मानून ते उघडे दाखवत होते.

फॉरवर्ड लुक

१९५० च्या सुमारास टेक्स कोलबर्ट अध्यक्षपदी आले आणि क्रायस्लरचा बाजारातील वाटा घसरू लागला. कंपनीने १९५५ च्या सर्व गाड्यांचे रूप एक्सनर यांच्याकडे सोपवले. मातीच्या पूर्णाकृती नमुन्यापासून पत्रा दाबण्याच्या साच्यांपर्यंतच्या प्रक्रियेवर रचना विभागाचे नियंत्रण असावे, हे त्यांनी व्यवस्थापनाला पटवून दिले. तोवर मातीच्या नमुन्याचा साच्यात उतरताना अभियंत्यांच्या हातून आकार बदलत असे. क्रायस्लरच्या इतिहासात हा बदल पंखांपेक्षा कमी महत्त्वाचा नाही, जरी त्याची चर्चा फारशी होत नाही.

१९५५ च्या गाड्यांची जाहिरात दहा कोटी डॉलर खर्चून घडवलेले रूप अशी झाली. त्याच वर्षीच्या इंपीरियलला के-३१० वरील सुटे मागचे दिवे मिळाले. इंपीरियलची जाळी, क्रायस्लरचे साटे आणि ३०० अश्वशक्तीचे इंजिन एकत्र करून सी-३०० ही दोन दारी गाडी करण्यात आली. ताकद व डौल यांचा मेळ घालणाऱ्या या गाडीची परंपरा पुढे एक दशक चालली.

१९५७ च्या गाड्या हे एक्सनर यांच्या कारकिर्दीचे शिखर होय. ही आवृत्ती मुळात त्यानंतरच्या वर्षासाठी योजलेली होती, पण ती एक वर्ष अलीकडे आणली गेली. छप्पर बरेच खाली आले, काचा मोठ्या झाल्या, छपराचे खांब बारीक झाले, आणि पुढून मागे चढत जाणारी एकच रेषा शेपटाशी उंच पंखात संपली. मोटारीला पंख लावण्याची सुरुवात एक्सनर यांनी केली, हा समज बरोबर नाही. १९४८ च्या कॅडिलॅकवर हार्ले अर्ल यांच्या विभागाने ते आधीच आणले होते. परंतु कॅडिलॅकचा पंख मागच्या दिव्यावरचा अलंकार होता. एक्सनर यांनी तो संपूर्ण आकृतीचा शेवट केला. हे पंख वेगात गाडी स्थिर ठेवतात, असा दावा करून त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या वातबोगद्यात चाचण्याही करून घेतल्या. शहरातल्या वेगाला त्याचा कितपत उपयोग होत असे हा प्रश्नच आहे. मात्र टॉर्शन बारवर आधारलेली नवी पुढची झुलण-व्यवस्था आणि बटणे दाबून चालणारा स्वयंचलित गिअर यांमुळे या गाड्या चालवायलाही चांगल्या होत्या. प्लिमथच्या जाहिरातीत १९६० साल तीन वर्षे आधीच उगवल्याचा दावा करण्यात आला.

प्रतिस्पर्ध्यांवर झालेला परिणाम मोठा होता. १९५६ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्समधील तरुण रचनाकार चक जॉर्डन यांनी क्रायस्लरच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नव्या प्लिमथ गाड्या पाहिल्या व सहकाऱ्यांनाही नेऊन दाखवल्या. जनरल मोटर्सने आपले १९५९ चे तयार होत आलेले आराखडे रद्द करून नव्याने काम सुरू केले. एरवी हार्ले अर्ल यांच्या मागे चालणाऱ्या उद्योगात त्यांनाच दुसऱ्याच्या मागे धावावे लागले, असे हे पहिलेच मोठे उदाहरण होते. १९५७ मध्ये प्लिमथने विक्रीतील तिसरे स्थान ब्युइककडून परत मिळवले. औद्योगिक रचनाकारांच्या संस्थेने एक्सनर व त्यांच्या चमूला सुवर्णपदक दिले आणि त्याच वर्षी ते क्रायस्लरचे रचना विभागाचे पहिले उपाध्यक्ष झाले.

या यशाची दुसरी बाजूही होती. घाईने उत्पादनात उतरवलेल्या १९५७ च्या गाड्यांत पावसाचे पाणी शिरे, पत्रा लवकर गंजे, सांधे नीट बसत नसत. टिकाऊपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या क्रायस्लरच्या लौकिकाला त्यामुळे तडा गेला. दोष रचनेचा नव्हता, तो वेळापत्रकाचा होता. पण या देखण्या गाड्यांपैकी फार थोड्या आज शिल्लक आहेत याचे कारण तेच.

नॉर्समन

गियाकडून घडवून घेतलेल्या नमुना-गाड्यांपैकी नॉर्समन ही सर्वांत महत्त्वाकांक्षी होती. तिच्या छताचा भार मागच्या बाजूने तोलून धरलेला होता आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे नेहमीचे जाड खांब काढून टाकले होते. चालकाला समोरचे दृश्य अखंड दिसावे, हा हेतू. तोरिनोत एक वर्षाहून अधिक काळ राबून कारागिरांनी ती पूर्ण केली आणि जुलै १९५६ मध्ये ती आन्द्रेआ दोरिया या इटालियन प्रवासी जहाजाच्या मालखणात चढवण्यात आली. २५ जुलैच्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुक्यात या जहाजाची स्टॉकहोम या जहाजाशी टक्कर झाली. सुमारे ५० जण मृत्युमुखी पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बुडाले. नॉर्समन त्याच्याबरोबर तळाशी गेली. ती अमेरिकेत कोणीही पाहिली नाही. एक्सनर यांना त्याच महिन्यात हृदयविकाराचा तीव्र झटका आला होता आणि ते त्यातून सावरत होते.

उतरता काळ

आजारपणातून परतल्यावर एक्सनर यांनी काम पुन्हा हाती घेतले, पण विभागावरील पकड पूर्वीसारखी राहिली नाही. पंखांची लाट ओसरू लागली होती आणि ती लाट निर्माण करणाऱ्यालाच तिच्यातून बाहेर पडण्याची वाट शोधायची होती. त्यांनी शोधलेली वाट पाठीमागे, आपल्या तरुणपणातील गाड्यांकडे, जाणारी होती. १९६० च्या व्हॅलियंट या छोट्या गाडीला लांब बोनेट, आखूड मागचा भाग आणि डिकीवर स्टेपनीचा उठाव मिळाला. या गाडीला फाल्कन हे नाव द्यायचे होते, परंतु हेन्री फोर्ड दुसरे यांनी ते मागितले आणि क्रायस्लरने ते सोडून दिले. १९६१ च्या इंपीरियलला १९३० च्या दशकातल्यासारखे सुटे, छोट्या दांडीवर बसवलेले पुढचे दिवे आले. ग्राहकांना ते विचित्र वाटले.

त्याच काळातील एक्सएनआर ही नमुना-गाडी मात्र त्यांची सर्वांत मोकळी निर्मिती मानली जाते. स्वतःच्या आडनावातील स्वर वगळून तिचे नाव ठेवले होते. व्हॅलियंटच्या यंत्रसामग्रीवर उभी असलेली ही उघडी गाडी डाव्या-उजव्या बाजूंनी असमान होती. चालकाच्या बाजूने बोनेटवरून निघालेला उंचवटा त्याच्या डोक्यामागे एका पंखात संपत असे, तर शेजारचा प्रवासी खालच्या पातळीवर बसे.

१९६२ च्या गाड्यांनी एक्सनर यांचे पद गेले. शेवरोले आपल्या गाड्या लहान करणार असल्याची कुणकुण क्रायस्लरचे वरिष्ठ अधिकारी विल्यम न्यूबर्ग यांना एका मेजवानीत लागली, असे सांगितले जाते. त्यावर विसंबून प्लिमथ व डॉज यांच्या तयार आराखड्यांची लांबी-रुंदी ऐनवेळी कमी करण्यात आली. एक्सनर यांचा याला विरोध होता. मोठ्या आकारासाठी काढलेल्या रेषा लहान साट्यावर आखडून गेल्या. शेवरोलेची ती छोटी गाडी प्रत्यक्षात वेगळेच मॉडेल निघाले आणि तिच्या नेहमीच्या गाड्या मोठ्याच राहिल्या. प्लिमथ व डॉजची विक्री कोसळली. त्या गाड्या बाजारात येत असतानाच, १९६१ च्या अखेरीस, एक्सनर यांना पदावरून दूर केले गेले आणि लिंकन कॉन्टिनेंटलमुळे नाव झालेले फोर्डचे एल्वूड एंगेल त्यांच्या जागी आले. निर्णय वरच्यांचा होता, किंमत रचनाकाराने मोजली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नेमका हाच लहान आकार काही वर्षांत मध्यम आकाराच्या ताकदवान गाड्यांसाठी योग्य ठरला, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल. निवृत्तिवेतनाला पात्र होईपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, एक्सनर सल्लागार म्हणून कंपनीशी जोडलेले राहिले.

जुन्या नावांचे पुनरुज्जीवन

मोकळे झाल्यावर एक्सनर यांनी मुलाच्या साथीने मिशिगनमधील बर्मिंगहॅम येथे स्वतःचे कार्यालय थाटले. तेथे मोटारबोटींच्या रचनेसारखी कामेही होत. मोटारींच्या जगात त्यांना परत आणले ते एका मासिकाने. एस्क्वायर मासिकाच्या डिसेंबर १९६३ च्या अंकासाठी त्यांनी एक कल्पना चित्रांतून मांडली: अमेरिकेतील नामशेष झालेल्या थोर गाड्या जर अखंड बनत राहिल्या असत्या, तर १९६० च्या दशकात त्या कशा दिसल्या असत्या? मर्सर १९२५ मध्ये बंद पडली होती, स्टट्झ १९३५ मध्ये, ड्युसेनबर्ग १९३७ मध्ये, आणि पॅकार्ड तर अगदी अलीकडे, १९५८ मध्ये. एक्सनर यांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली नाही. जुन्या गाडीची ओळख ज्या मोजक्या खुणांत असते, म्हणजे जाळीचा आकार, बोनेटचे लांबीशी प्रमाण, मडगार्डची स्वतंत्र रेषा, उघडी चाके, त्या त्यांनी वेचून घेतल्या आणि रुंद, बसक्या आधुनिक साट्यावर बसवल्या. रेनवॉल कंपनीने या गाड्यांची प्लॅस्टिकची खेळणी-प्रतिरूपेही बाजारात आणली.

कल्पनेतून पत्र्यात उतरलेली पहिली गाडी मर्सर-कोब्रा. तांब्याचा वापर वाढवू इच्छिणाऱ्या तांबे-उद्योगाच्या संघटनेने खर्च उचलला आणि शेल्बी कोब्राच्या सांगाड्यावर तोरिनोत ती घडवली गेली. तिच्यावर तांब्या-पितळेचे काम सढळ हाताने केलेले होते. त्यानंतर बुगाटीच्या उरलेल्या टाइप १०१ सांगाड्यावर गियाने एक्सनर यांच्या आराखड्यानुसार गाडी बांधली व ती १९६५ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात मांडली. १९६६ मध्ये ड्युसेनबर्गचा नवा नमुना तयार झाला. मूळ संस्थापकांपैकी ऑगस्ट ड्युसेनबर्ग यांचे पुत्र फ्रिट्झ त्या उपक्रमात होते. पैसा उभा राहिला नाही आणि एकाच गाडीवर तो थांबला. तिन्ही प्रयत्नांत रचना उत्तम होती. कमतरता होती ती सतत भांडवल पुरवणाऱ्याची.

स्टट्झ ब्लॅकहॉक

हॅरी स्टट्झ यांनी इंडियानापोलिस येथे बांधलेली पहिली गाडी १९११ मध्ये तेथील पहिल्याच ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली आणि अकरावी आली. नवख्या गाडीच्या मानाने हे मोठे यश होते. पुढे बेअरकॅट या गाडीने स्टट्झचे नाव घरोघरी पोहोचवले. ब्लॅकहॉक हे नाव १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. त्याच नावाच्या विक्रमी वेगाच्या गाडीत धावपटू फ्रँक लॉकहार्ट यांचा १९२८ मध्ये डेटोनाच्या किनाऱ्यावर मृत्यू झाला. मंदीच्या तडाख्यात कंपनी बुडाली.

न्यूयॉर्कमधील बँक-व्यावसायिक जेम्स ओ'डॉनेल यांना एक्सनर यांची स्टट्झची कल्पना मनापासून आवडली आणि १९६८ मध्ये त्यांनी स्टट्झ मोटर कार ऑफ अमेरिका ही कंपनी काढली. पूर्वीच्या प्रयत्नांतून घेतलेला धडा येथे उपयोगी पडला. इंजिन, गिअर, ब्रेक नव्याने तयार करण्याच्या फंदात न पडता पॉन्टिॲक ग्राँ प्री ही बाजारात मिळणारी कूपे आधाराला घेतली गेली. तिच्यात ७.५ लिटरचे व्ही-८ इंजिन होते, आणि सुटे भाग कोणत्याही गावात मिळत. ज्या पॉन्टिॲकच्या रचना विभागात एक्सनर यांची कारकीर्द सुरू झाली, तिच्याच गाडीवर त्यांचे शेवटचे मोठे काम उभे राहिले.

पहिला नमुना गियाने घडवला आणि जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात तो लोकांसमोर आला. नियमित गाड्यांची साटी इटलीतील मोदेना येथील पादाने या पेढीत हाताने बनत. अमेरिकेतून ग्राँ प्री गाड्या जहाजाने इटलीला जात. तेथे मूळ साटे उतरवून जाड पोलादी पत्र्याचे नवे चढवले जाई आणि गाडी पुन्हा अटलांटिक ओलांडून परत येई. रंगाचे एकावर एक वीसएक थर देण्यातच कित्येक आठवडे जात. आत अक्रोडाच्या लाकडाचे काम, चामड्याच्या बैठका, सोन्याचा मुलामा दिलेली कडी-मुठी. किंमत २२,००० डॉलरहून अधिक होती, म्हणजे मूळ ग्राँ प्रीच्या कित्येक पट.

बाह्यरूपात एक्सनर यांच्या आयुष्यभराच्या खुणा एकत्र आल्या होत्या. के-३१० वर जिचा केवळ उठाव होता, ती स्टेपनी येथे डिकीच्या झाकणातून खरोखर बाहेर आली. १९६१ च्या इंपीरियलवर ग्राहकांनी नाकारलेले सुटे दिवे परतले. बाजूने धुराच्या नळ्या, दारांखाली पायदानाची आठवण करून देणारी पट्टी, समोर उभी अरुंद जाळी. काही समीक्षकांना ही गाडी भपकेबाज वाटली, आणि नंतरच्या आवृत्त्यांबाबत ते मत खोडून काढणे कठीण आहे. पण पहिल्या काही गाड्यांत प्रमाणांचा तोल नीट सांभाळलेला दिसतो.

गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९७० च्या ऑक्टोबरमध्ये पहिली ब्लॅकहॉक विकत घेतली. ही नमुना-गाडी प्रदर्शनासाठी राखून ठेवायची होती, पण प्रेस्ली यांनी हट्ट धरला आणि त्यांच्यासारखा ग्राहक हीच मोठी जाहिरात, हे ओ'डॉनेल यांनी ओळखले. फ्रँक सिनात्रा यांनाही तीच गाडी हवी होती, असे सांगतात. पुढे डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर यांच्यासारखे कलावंत व मध्यपूर्वेतील धनिक हे स्टट्झचे ग्राहक झाले. प्रेस्ली यांचे ऑगस्ट १९७७ मध्ये निधन झाले त्या पहाटे ते आपल्या १९७३ च्या ब्लॅकहॉकमधूनच घरी परतले होते. फाटकातून आत शिरतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

मृत्यू व नंतर

एक्सनर यांचे २२ डिसेंबर, १९७३ रोजी मिशिगनमधील रॉयल ओक येथील रुग्णालयात हृदयविकाराने निधन झाले. ब्लॅकहॉकचे उत्पादन त्यांच्या पश्चात १९८७ पर्यंत चालू राहिले. पाया देणारी पॉन्टिॲकची गाडी आक्रसत गेली, तशी स्टट्झही आक्रसली. एकूण काही शे ब्लॅकहॉक बनल्या.

१९९५ मध्ये एक्सनर यांचा समावेश अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला. त्यांची एक्सएनआर ही गाडी गियाने विकल्यावर इराणच्या शहांकडे गेली. तेथून ती कुवेतला व पुढे लेबनॉनला पोहोचली. लेबनॉनमधील यादवी युद्धाच्या काळात तिच्या मालकाने ती भूमिगत गॅरेजात दडवून वाचवली. कॅनडात दुरुस्ती झाल्यावर २०११ मध्ये तिचा लिलाव झाला आणि तिला ९ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. नॉर्समन अजूनही नॅन्टकेटच्या दक्षिणेला, सुमारे ७० मीटर खोल पाण्यात, आन्द्रेआ दोरियाच्या अवशेषांत आहे.